मुळांच्या गाठींतील लोह व गंधक
नत्र स्थिर करणाऱ्या जीवाणूंमध्ये चालणारी विद्युत्कणांची ने-आण

भुईमूग, सोयाबीन, मूग अथवा उडीद यांचे एखादे रोप पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी, जमिनीत ओल असताना, मुळांसह हलकेच खणून काढावे. मुळे पाण्यात बुडवून माती सुटू द्यावी आणि मुळांवरील एखादी टपोरी गाठ ब्लेडने मधोमध कापून पाहावी. आतील गर गुलाबी अथवा तांबूस दिसला तर गाठ कामावर आहे असे समजावे. गर पांढरट असेल तर काम सुरूच झालेले नाही, आणि हिरवट किंवा तपकिरी झाला असेल तर काम संपलेले आहे. ही परीक्षा गावपातळीवर काम करणाऱ्या बहुतेक कार्यकर्त्यांस ठाऊक आहे. पुष्कळ शेतकरी बंधुभगिनीही ती करून पाहतात. परंतु गाठीत नेमके कोणते काम चालते आणि ते कशामुळे अडते, असे विचारले असता ‘जीवाणू हवेतील नत्र ओढून घेतात’ एवढ्यावर आपले उत्तर थांबते. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. आणि या अपुरेपणाची किंमत शेतकऱ्यास मोजावी लागते. पीक पिवळे दिसले की युरिया द्यावा, अशी रीत पडून गेली आहे. पिवळेपणाचे कारण लोहाची अथवा गंधकाची उणीव हे असेल तर त्या युरियाने पीक हिरवे होत नाही, पैसा मात्र जातो, आणि वर गाठींचे कामही मंदावते. यास्तव गाठीतील कामाचा जो गाभा, म्हणजे लोह व गंधक यांनी युक्त अशी प्रथिने आणि त्यांच्याकडून होणारी विद्युत्कणांची ने-आण, त्याची माहिती येथे थोड्या विस्ताराने देण्याचे योजिले आहे.

हवेच्या १०० भागांपैकी सुमारे ७८ भाग नत्रवायू असतो, तरी पिकास त्याचा प्रत्यक्ष उपयोग होत नाही. या वायूत नत्राचे दोन अणू एकमेकांस तिहेरी बंधाने इतके घट्ट जखडलेले असतात की ते सोडविणे सहजसाध्य नाही. रायगड जिल्ह्यातील थळसारख्या ठिकाणी युरियासाठी जो अमोनिया तयार होतो, त्यासाठी नत्रवायू व हायड्रोजन वायू यांचे मिश्रण सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस उष्णतेत, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या शेकडोपट दाबाखाली, लोहयुक्त उत्प्रेरकावरून न्यावे लागते. भुईमुगाच्या मुळावरील मोहरीएवढी गाठ हेच काम जमिनीच्या नेहमीच्या उष्णतेत आणि नेहमीच्या दाबात करते. तिच्याही कामाच्या मुळाशी लोहच आहे, हे विशेष होय.

नत्राचा हा बंध तोडावयाचा म्हणजे त्यास विद्युत्कण, ज्यांस शास्त्रात इलेक्ट्रॉन म्हणतात, ते पुरवावे लागतात. विद्युत्कण म्हणजे अणूच्या बाहेरील भागात असणारा अतिसूक्ष्म ऋणभारित कण. एका पदार्थाने तो दिला आणि दुसऱ्याने घेतला की दोन्ही पदार्थांचे गुणधर्म पालटतात. याचे उदाहरण प्रत्येक कृषी केंद्रात पाहावयास मिळते. हिराकसाचे ताजे खडे फिकट हिरवे असतात. पुडी उघडी राहिली, विशेषतः दमट हवेत, तर थोड्याच दिवसांत त्यांवर पिवळसर-तांबूस थर चढतो. हिराकसातील लोहाने आपला एक विद्युत्कण हवेतील प्राणवायूस देऊन टाकलेला असतो. हिरवे लोह तांबूस होण्याचे कारण एवढेच. लोहाचा हा स्वभावच आहे: एक विद्युत्कण सहज देणे आणि योग्य परिस्थिती मिळाल्यास तो परत घेणे. उघड्या हवेत मात्र देणे तेवढे घडते, परत घेणे घडत नाही. विळ्याला चढलेला गंज आपणहून उतरत नाही.

जीवाणूंनी लोहाचा हा स्वभाव कामास लावताना त्यास गंधकाची जोड दिली आहे. पाणी तुंबलेल्या भातखाचराच्या तळाशी किंवा गटारात जो काळा चिखल साचतो आणि ढवळल्यावर ज्यास सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते, त्याचा काळेपणा लोह व गंधक यांच्या संयुगाचा असतो. तशाच संयुगाचे अगदी लहान तुकडे, लोहाचे दोन किंवा चार अणू आणि तितकेच गंधकाचे अणू असलेले, जीवाणू आपल्या प्रथिनाच्या घडीत बसवितो. घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकाआड एक चार लोह व चार गंधक ठेवावेत, अशी त्यांतील एका पुंजक्याची रचना असते. हा पुंजका प्रथिनाशी जोडणारे दुवेही गंधकाचेच असतात. ते सिस्टीन नावाच्या गंधकयुक्त अमिनो आम्लाकडून मिळतात. म्हणजे गंधक येथे दोन ठिकाणी लागते, पुंजक्यात आणि त्यास धरून ठेवणाऱ्या प्रथिनातही. अशा प्रथिनांवर प्रयोगशाळेत आम्ल घातले असता तोच सडक्या अंड्याचा वास येतो, आणि प्रथिनात असे गंधक आहे याचा तो एक पुरावा मानला जातो. या घडीत बसलेले लोह गंजाच्या लोहाप्रमाणे एकदा देऊन संपत नाही. ते विद्युत्कण घेते, पुढच्यास देते, पुन्हा घेण्यास मोकळे होते.

या प्रथिनांचा शोध नत्र स्थिर करणाऱ्या एका जीवाणूतच लागला, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. क्लॉस्ट्रिडियम पाश्चुरिॲनम हा जीवाणू मातीत प्राणवायूवाचून वाढतो. सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात तो शोधला आणि लुई पाश्चर यांचे नाव त्यास दिले. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास या जीवाणूंचा अर्क काढून, जिवंत पेशींवाचून केवळ अर्काकडून नत्र स्थिर करून घेण्यात यश आले. पुढे मॉर्टेन्सन, व्हॅलेंटाइन आणि कार्नाहन यांना असे आढळले की अर्कातील एक तपकिरी द्रव्य वेगळे काढले असता अर्काची शक्ती नाहीशी होते आणि ते परत मिसळताच ती परत येते. १९६२ मध्ये त्यांनी या द्रव्यास फेरेडॉक्सिन असे नाव दिले. ते ५५ अमिनो आम्लांचे एक लहानसे प्रथिन असून त्यात चार-चार लोहाचे दोन पुंजके असतात. त्याच वर्षी टागावा व आर्नन यांनी पालकाच्या पानातही फेरेडॉक्सिन असल्याचे दाखवून दिले. मातीतला हवा न सोसणारा जीवाणू आणि उन्हात वाढणारे हिरवे पान या दोघांनी विद्युत्कण वाहण्यासाठी एकाच जातीचे साधन वापरावे, हे पाहून शास्त्रज्ञांनाही नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही.

ही ने-आण कशी चालते ते समजण्यास श्रमदानातील घमेल्यांची रांग डोळ्यांपुढे आणावी. तलावातील गाळ उपसताना माणसे ओळीने उभी राहतात, भरलेले घमेले हातोहात पुढे जाते आणि कोणीही जागा सोडून धावत नाही. गाठीत रांगेच्या आरंभी झाड असते. पानात तयार झालेल्या साखरेपासून बनलेली सेंद्रिय आम्ले ते जीवाणूस पुरविते. जीवाणू ती जाळतो, त्यातून विद्युत्कण सुटतात आणि ते फेरेडॉक्सिनसारख्या वाहकाच्या हाती पडतात. वाहक ते नायट्रोजिनेज या विकराकडे नेतो. हे विकर दोन प्रथिनांचे मिळून बनते. पहिल्यास लोहप्रथिन म्हणतात. त्यात चार लोह व चार गंधक यांचा एकच पुंजका असतो आणि ते एका वेळी एकच विद्युत्कण पुढे देते. दुसऱ्यात लोहाबरोबर मॉलिब्डेनम असते. नत्राचा बंध तुटतो तो याच्या पोटात. तेथील मुख्य पुंजक्यात लोहाचे ७, गंधकाचे ९ आणि मॉलिब्डेनमचा १ अणू असतो. १९९२ मध्ये त्याची रचना उलगडली. त्याच्या अगदी मध्यभागी कार्बनचा एक अणू बसलेला आहे, हे मात्र २०११ मध्ये निश्चित झाले.

या कामास खर्चही मोठा येतो. नत्रवायूच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू बनविण्यास किमान ८ विद्युत्कण लागतात. त्यांपैकी ६ अमोनियात जातात आणि २ हायड्रोजन वायू बनण्यात खर्ची पडतात. प्रत्येक विद्युत्कण पुढे ढकलताना पेशीतील शक्तीचे नाणे असलेल्या एटीपीचे दोन रेणू मोडावे लागतात, म्हणजे एकूण १६. हवेतील नत्र फुकट मिळते असे आपण म्हणतो ते शेतकऱ्याच्या खिशापुरते खरे आहे. झाडास ते फुकट मिळत नाही. त्यामुळेच जमिनीत तयार नत्र भरपूर असले की झाड गाठींवर खर्च करीत नाही आणि युरियाच्या मोठ्या मात्रेनंतर गाठी कमी व लहान दिसतात.

रांगेत एक चढही आहे. ज्या ठिकाणाहून विद्युत्कण मिळतात, तेथे त्यांचा जोर फेरेडॉक्सिनपर्यंत चढण्याइतका नसतो. विहिरीच्या चाकावरील दोराच्या दोन टोकांस दोन घागरी असल्या तर खाली जाणारी भरली घागर दुसरीस वर ओढते. काही जीवाणू तीच युक्ती करतात. जोडीने येणाऱ्या दोन विद्युत्कणांपैकी एकास ते उताराकडे सोडतात आणि त्याच्या बळावर दुसऱ्यास चढावर नेतात. ॲझोटोबॅक्टर या जीवाणूत ही क्रिया चालत असल्याचे २०१७ मध्ये सिद्ध झाले. ती करणाऱ्या प्रथिनांतही लोह-गंधकाचे पुंजके आहेत. गाठीतील रायझोबियम जीवाणूंकडेही ही प्रथिने असतात आणि प्रयोगात ती निकामी केल्यास गाठी बनतात, पण नत्र स्थिर होत नाही.

प्राणवायूशी वैर

या सर्व व्यवस्थेचा एक मोठा शत्रू आहे व तो म्हणजे प्राणवायू. उघड्या पुडीतील हिराकस तांबूस होण्यास काही दिवस लागतात. नायट्रोजिनेजचे लोहप्रथिन उघड्या हवेत ठेवल्यास त्यातील निम्मे एका मिनिटाच्या आत कायमचे निकामी होते. दुसरीकडे, सेंद्रिय आम्ले जाळून एटीपी मिळविण्यासाठी गाठीतील जीवाणूस प्राणवायू हवाच असतो. प्राणवायू अधिक झाला तर अवजार मोडते आणि कमी झाला तर मजुरी देण्यास पैसा उरत नाही, अशी ही अडचण आहे.

गाठीत झाडाने तिच्यावर जो उपाय केला आहे, त्याचा रंग आपण ब्लेडने कापल्यावर पाहतो. तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातील तांबड्या द्रव्याच्या भावंडाचा होय. ते मोकळा प्राणवायू धरून ठेवते आणि जीवाणूस बेताबेताने पोचविते. यातही लोह आहे, पण त्याच्या जोडीस गंधक नसते आणि त्याचे कामही निराळे आहे. म्हणून गाठीचा गुलाबी रंग हा विद्युत्कण वाहणाऱ्या प्रथिनांचा रंग नव्हे. त्यांना सुरक्षित ठेवणाऱ्या पहारेकऱ्याचा तो रंग आहे. पहारा नसेल तर आत काम चालू असण्याचा संभव नाही, एवढ्यावरून आपली परीक्षा खरी ठरते.

ज्वारी, कापूस यांच्या बियाण्यास आपण जे ॲझोटोबॅक्टर चोळतो, त्यास गाठीचा आसरा नसतो. तो मातीत मोकळ्या हवेत राहतो. प्राणवायू आत शिरताच तो झपाट्याने जाळून टाकणे हा त्याचा पहिला उपाय. तोही पुरेसा पडला नाही तर आणखी एक लोह-गंधक प्रथिन पुढे येते. १९६० च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात वाय. आय. शेठना यांनी हेल्मुट बाइनर्ट प्रभृतींसह ॲझोटोबॅक्टरमधील लोह-गंधक प्रथिनांवर मूलभूत काम केले, आणि त्यांतील हे प्रथिन शास्त्रीय वाङ्मयात आजही शेठना प्रथिन म्हणून ओळखले जाते. त्यात दोन लोह व दोन गंधक यांचा पुंजका असतो. प्राणवायू वाढला की हा पुंजका आपला विद्युत्कण गमावतो, प्रथिनाचा आकार पालटतो आणि ते नायट्रोजिनेजच्या दोन्ही प्रथिनांस घट्ट धरून बसते. तेवढा वेळ नत्राचे काम बंद राहते, पण विकर शाबूत राहते. प्राणवायू ओसरला की पकड सुटते. वळवाचा पाऊस दिसताच खळ्यावरील रास ताडपत्रीने झाकावी आणि उघडीप होताच मळणी पुन्हा सुरू करावी, तसे हे आहे. ही पकड प्रत्यक्ष कशी असते याची चित्रे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली.

शेतावर याचा उपयोग

नायट्रोजिनेजच्या एका संपूर्ण संचात, दोन्ही बाजूंची लोहप्रथिने धरून, लोहाचे ३८ अणू असतात. वाहक आणि लेगहिमोग्लोबिन यांचे लोह वेगळे. क्लॉस्ट्रिडियमसारखा जीवाणू लोहाची टंचाई पडल्यास फेरेडॉक्सिनऐवजी फ्लेव्होडॉक्सिन हे लोहविरहित पिवळे प्रथिन बनवून वाहकापुरते भागवून घेतो, असे १९६६ मध्ये दिसून आले. परंतु प्रत्यक्ष बंध तोडणाऱ्या विकरास लोहावाचून गत्यंतर नाही. भुईमुगावरील १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की लोह कमी पडल्यास गाठी धरण्यास आरंभ होतो, पण त्या पोसत नाहीत आणि आतील जीवाणूंची संख्याही वाढत नाही.

आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत नेमकी हीच अडचण येते. अशा जमिनीत लोह मुबलक असते. पण ते तांबूस, न विरघळणाऱ्या रूपात अडकलेले असते आणि मुळास मिळत नाही. पाऊस अधिक होऊन पाणी साचले की जमिनीतील विद्राव्य चुना वाढतो आणि भुईमुगाचे शेंडे पिवळे, पुढे पांढरट पडतात. येथे कोणते पान पिवळे आहे हे पाहण्याची सवय कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास लावावी. खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर नत्राची उणीव संभवते. शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी, परंतु त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची उणीव समजावी. कोवळी पाने शिरांसकट फिकट पडली असतील तर गंधकाचा संशय घ्यावा. पहिल्या प्रकारातही युरियाची गोणी फोडण्यापूर्वी दोन-चार रोपे उपटून गाठी कापून पाहाव्यात; कदाचित पेरणीच्या वेळी जीवाणूसंवर्धक लावलेच नसेल, अथवा दुसऱ्याच पिकाचे लावले असेल. सोयाबीनचे संवर्धक हरभऱ्यास उपयोगी पडत नाही, हे अनेकदा विसरले जाते.

गंधकाकडे आपले दुर्लक्ष झाले आहे असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण खताच्या निवडीत आहे. पूर्वी स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट वापरले जाई. त्यात सुमारे ११ टक्के गंधक असते, त्यामुळे पिकास ते न मागता मिळत असे. डीएपीत गंधक नाही. डीएपी वापरण्यास सोपे व गोणीमागे अधिक स्फुरद देणारे खत आहे हे खरे; पण तेलबिया व कडधान्ये घेणाऱ्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे तेच दिले तर गंधकाची भरपाई कोठून व्हावी? सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या चार गोण्यांतून सुमारे २२ किलो गंधक मिळते, आणि गंधक कमी असलेल्या जमिनीत तेलबियांस हेक्टरी सामान्यतः २० किलोच्या आसपासच गंधक लागते. डीएपीच द्यावयाचे असेल तर जोडीस जिप्सम द्यावे. भुईमुगास त्यातील चुन्याचाही शेंगा भरण्यास उपयोग होतो.

मॉलिब्डेनमच्या बाबतीत मात्र घाई करू नये. हे मूलद्रव्य विम्ल जमिनीत अधिक सुलभ होते, म्हणून काळ्या जमिनीत त्याची उणीव सहसा नसते. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ती संभवते. मातीपरीक्षण न करता सर्वत्र त्याच्या पुड्या घेत सुटणे हा व्यर्थ खर्च होय.

पाण्याचा निचरा हाही याच विषयाचा भाग आहे. सरीत पाणी तुंबले की गाठीस प्राणवायू मिळत नाही, एटीपी बनत नाही आणि लोह-गंधक प्रथिने जागेवर असूनही विद्युत्कणांची रांग थांबते. रुंद वरंबा-सरीवर पेरलेल्या सोयाबीनच्या मुळांस अतिवृष्टीतही हवा मिळत राहते, हा त्या पद्धतीचा मोठा लाभ आहे.

लोहाची उणीव निश्चित दिसल्यास हिराकसाची फवारणी करावी. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस व १० ग्रॅम सायट्रिक आम्ल या प्रमाणात द्रावण करावे. सायट्रिक आम्ल आधी पाण्यात विरघळवून मगच हिराकस घालावे. आम्लामुळे लोह हिरव्या, विरघळलेल्या रूपात टिकून राहते. द्रावण ताजे वापरावे. सकाळी केलेले द्रावण दुपारपर्यंत पिंपात तांबूस झालेले दिसले तर त्यातील लोहाने विद्युत्कण हवेस देऊन टाकले असे समजून ते फवारू नये. फवारणी उन्हाचा कडाका ओसरल्यावर करावी आणि आठ-दहा दिवसांनी नवी पाने पाहून आवश्यक तर पुन्हा करावी. चुनखडीच्या जमिनीत हिराकस नुसते मातीत टाकल्यास ते लवकरच गंजाच्या रूपात जाऊन बसते. जमिनीतून द्यावयाचे असल्यास ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, काही दिवस मुरवून द्यावे. खरेदी करताना पुडी फोडून पाहण्यास संकोच करू नये. खडे हिरवट असावेत, तांबूस भुकटी झालेला माल परत करावा.